पांढरी वायर

सायकलला मोटर लावायचं किट खोक्यातून बाहेर काढलं की आधी नजरेत भरतं ते चाक. मधोमध डब्याएवढी हब मोटर, तिच्याभोवती तारा आणि रिम. मग कंट्रोलर नावाची ॲल्युमिनियमची पेटी, हँडलला लावायचा थ्रॉटल, आत स्विच असलेल्या ब्रेकच्या दोन लिव्हर, बॅटरी, चार्जर आणि कंट्रोलरमधून लोंबणारा वायरींचा झुबका. जाड लाल-काळी जोडी बॅटरीची. निळी, हिरवी, पिवळी मोटरची. बाकीच्या बारीक. या बारीक वायरींमध्ये पुष्कळ कंट्रोलरना एक पांढरी जोडी असते, टोकाला इवलासा प्लग. काहींत तो जोडलेला असला की वेग बांधलेला राहतो, काहींत उलट. माहितीपत्रकात तिच्याबद्दल एखादी ओळ असते किंवा तीही नसते. पण ज्यानं असं किट स्वतःच्या हातानं बसवलंय, त्याला ती बहुतेक वेळा माहीत असते. ताशी २५ किलोमीटरला थबकणारी सायकल या एका प्लगमुळे तिशी ओलांडते. बॅटरी ४८ व्होल्टची असेल तर चाळिशीच्या आसपासही जाऊ शकते.

त्या वायरीला हात लावायचा की नाही, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न किरकोळ वाटेल. पण विचार करून बघा, आपल्या रोजच्या आयुष्यात असे निर्णय किती कमी असतात जे पूर्णपणे आपल्या हातात आहेत, ज्यांचा परिणाम दुसऱ्यावर होतो आणि जे घेताना आपल्याला कोणीही बघत नाही.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांसाठी एक सवलत आहे. मोटरची तीस मिनिटं सलग देता येईल अशी ताकद पाव किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, शिवाय नीट ब्रेक आणि रिफ्लेक्टर. एवढं जमलं तर कायद्याच्या लेखी ते मोटार वाहनच नाही. नंबरप्लेट नको, लायसन्स नको, विमा नको. नववीतल्या मुलीपासून लायसन्सच्या भानगडीत कधीच न पडलेल्या आजोबांपर्यंत कोणीही ते चालवू शकतं.

पण त्याच नियमात आणखी एक अट आहे, आणि किट विकणारे ती सहसा सांगत बसत नाहीत. या सगळ्या गोष्टी मान्यताप्राप्त तपासणी संस्थेनं पडताळून मंजूर केलेल्या असाव्या लागतात. अशी एक संस्था पुण्यातच आहे, वेताळ टेकडीवरची एआरएआय. १९६६ मध्ये स्थापन झालेली. गाड्यांच्या कंपन्या आपले नमुने तिथे घेऊन जातात. रविवारी दुपारी गॅलरीत पाना घेऊन बसलेला माणूस आपली सायकल तिथे नेत नाही, आणि नेली तरी एका सायकलीसाठी तो खर्च त्याला परवडणार नाही. म्हणजे काटेकोर बोलायचं तर घरी बनवलेली प्रत्येक इलेक्ट्रिक सायकल, अगदी २५ ला बांधलेलीसुद्धा, कोणी मोजून बघत नाही म्हणूनच रस्त्यावर आहे.

मला इथेच खरी गोष्ट सुरू होते असं वाटतं. नियम लिहिणाऱ्यानं गृहीत धरलंय की बनवणारा एक असेल आणि तपासणारा दुसरा. घरच्या सायकलीत ही दोन माणसं एकच असतात. ज्याला वेग हवाय, त्यालाच वेग किती असावा हे ठरवायचंय. तुमच्या सायकलीची एआरएआय तुम्हीच.

आणि तपासायला पुष्कळ काही असतं. मोटरवर २५० वॅट छापलेलं असतं, पण ३६ व्होल्टच्या बॅटरीला १५ अँपिअरचा कंट्रोलर जोडला की बॅटरीतून ५४० वॅटपर्यंत ओढता येतात. मोटरवरचा आकडा तेवढाच राहतो. मोटर पुढच्या चाकात बसवली तर तिचा सगळा पीळ चिमट्याच्या दोन टोकांवर येतो. ती टोकं चाक धरून ठेवण्यासाठी बनवलेली असतात, पीळ सहन करण्यासाठी नाही. म्हणून टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी लावायची असते, नाहीतर एखाद्या दिवशी आस खाचेत फिरतो, वायर पिळवटते आणि चाक निखळतं. ही पट्टी स्वस्त असते, बसवायला वेळ लागत नाही, आणि नाही बसवली तरी पहिल्या दिवशी सायकल तितकीच छान पळते. पहिल्या दिवशी काहीच फरक पडत नाही, ही या कामातली सगळ्यात धोकादायक गोष्ट.

हे वाचून कोणाला वाटेल की मी घरी सायकल बनवण्याच्या विरोधात आहे. अजिबात नाही. स्वतःच्या हातानं वस्तू उघडणाऱ्या, जोडणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, आणि आपल्याकडे या आदराला जुना आधार आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सुरुवात केली ती सायकलच्या दुकानापासून. नांगर, कारखाना, किर्लोस्करवाडी हे सगळं नंतरचं. अमेरिकेत राइट बंधू विमानापर्यंत पोहोचले तेही सायकलच्या दुकानातूनच. आणि मागच्या चाकाच्या मध्यातच विजेची मोटर बसवायची कल्पना तर ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकन माणसानं १८९५ च्या शेवटच्या दिवशी पेटंटमध्ये नोंदवून ठेवलीय. आज किटमध्ये येतं ते चाक म्हणजे त्याच कल्पनेचा पणतू. सायकल हे यंत्र उघडं असतं. चेन दिसते, तारा दिसतात, काय बिघडलंय ते दिसतं. मोबाइल फोनसारखं गोंद लावून बंद केलेलं नसतं. ज्याला यंत्र शिकायचंय त्यानं इथूनच सुरुवात करावी.

माझ्या एका मावसभावानं गेल्या वर्षी अशी सायकल बनवली. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता. सोल्डरिंग माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं. वायर जिथे फ्रेमला घासेल तिथे त्यानं आधीच नळी चढवली होती. तो म्हणाला, "दादा, २५ ची लिमिट मी काढणार आहे. आणि तू सेफ्टीचं लेक्चर देऊ नकोस, कारण सेफ्टीसाठीच काढतोय. मागून पन्नासनं टेम्पो येतो. आपण २५ नं चाललो की तो घासून ओव्हरटेक करतो. त्याच्या वेगाच्या जवळ असलो तर तो आपल्याला गाडी समजतो. कात्रजच्या चढावर मागून एसटीचा हॉर्न ऐकलायस का कधी?"

हा युक्तिवाद पोकळ नाही. ज्यानं आपल्याकडच्या मोठ्या रस्त्यावर सायकल चालवलीय त्याला त्यातली भीती खरी वाटेल. वेगातला फरक जितका मोठा तितका सायकलवाला एकटा पडतो, हे बरोबरच आहे. मी त्याला अर्धी बाजू तिथेच देऊन टाकली. उरलेली अर्धी मात्र देता आली नाही. एक तर चढावर त्या वायरीचा उपयोग शून्य. चढावर अशी सायकल पंधरा-अठराच्या पुढे जातच नाही, मग २५ ची मर्यादा असली काय, नसली काय. चढाला ताकद लागते, वेगाची कमाल नाही. ती वायर कामाला येते सपाट रस्त्यावर आणि उतारावर. तिथे सायकल कुठून जाते? डाव्या कडेनं. जिथे भाजीची गाडी उभी असते, रिक्षाचं दार उघडतं, शाळेतून सुटलेली पोरं चालतात आणि एखादी आजी फूटपाथ नाही म्हणून रस्त्यावरून जात असते. टेम्पोच्या वेगानं जायचं असेल तर टेम्पोच्या लेनमध्ये जावं लागेल. तिथे तो जाणार नव्हता. टेम्पोचा वेग आणि सायकलची जागा, दोन्ही त्याला हवं होतं.

थोडं गणित, मग सोडतो. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५ वरून ४० वर गेलो तर वेग दीडपटीहून थोडा जास्त झाला, पण धडक अडीचपट झाली. थांबायला लागणारं अंतरही त्याच हिशेबानं वाढतं. आणि थांबवणार कोण? रिमवर घासणारे रबराचे दोन तुकडे. फ्रेम, चिमटा, ब्रेक हे सगळं माणसाच्या पायांच्या ताकदीचा अंदाज घेऊन बनवलेलं आहे. धडधाकट माणूस तासभर आरामात पेडल मारतो तेव्हा साधारण ७५ ते १०० वॅट देतो. २५० वॅटची मोटर लावली म्हणजे तुमच्याबरोबर न दमणारी दोन-तीन माणसं पेडल मारायला बसली. त्यांचं वजन जाणवत नाही, घाम दिसत नाही. पण ब्रेक मात्र अजून एकट्याचाच आहे.

"माझा जीव, माझी सायकल, तुम्हाला काय?" हे वाक्य अशा वेळी हमखास येतं. मला हे वाक्य आवडतं, कारण अनेक ठिकाणी ते खरं असतं. कोणी गिर्यारोहणाला जातो, कोणी उपास करतो, त्यात बाकीच्यांनी नाक खुपसू नये. पण रस्ता ही वेगळी जागा आहे. तिथे माझा धोका माझ्यापुरता ठेवायची सोयच नाही. मी गाडी नोंदवली असती तर तिचा तृतीय पक्ष विमा काढावा लागला असता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तो सक्तीचा आहे, आणि त्याचा हेतू माझं रक्षण हा नाहीच. माझ्या गाडीखाली येणाऱ्या अनोळखी माणसाला भरपाई मिळावी म्हणून तो आहे. वेग सोडवलेली सायकल म्हणजे वागायला मोटारसायकल आणि कागदावर कोणीच नाही. ती आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तर तिच्या मुलानं कोणाच्या दारात जायचं? २५ ला बांधलेल्या सायकलीलाही विमा नसतो, हे खरं. पण तिथे निदान समाजानं विचार करून ठरवलेलं असतं की एवढ्या वेगानं होणारं नुकसान आपण आपसात सोसू. वायर काढणारा तो करार एकटाच बदलतो आणि दुसऱ्या बाजूला कळवतही नाही.

इथे एक जुना जर्मन तत्त्वज्ञ आठवतो. इमॅन्युएल कांटची कसोटी अशी की तुम्ही जे करताय ते सगळ्यांनीच केलं तर ते करणं शक्य तरी राहील का, हे बघा. पुस्तकात ही कसोटी रुक्ष वाटते. या वायरीला लावली की ती एकदम जिवंत होते. सायकलवाल्याला लायसन्स लागत नाही, पोलीस त्याला थांबवत नाही, कारण सायकली सायकलीसारख्या वागतात असा सगळ्यांचा अनुभव आहे. वायर काढणारा याच विश्वासावर रस्त्यावर उतरतो. सगळ्यांनीच काढली तर तो विश्वास एक-दोन वर्षांत संपेल, नियम बदलेल, आणि त्याचा फटका चाळीसनं जाणाऱ्याला बसणार नाही. तो लायसन्स काढेल. फटका बसेल त्या नववीतल्या मुलीला आणि त्या आजोबांना. म्हणजे तो सवलत मोडतो तीही सवलतीच्याच आडोशाला उभा राहून.

इव्हान इलिच नावाचा एक विचारवंत होता. काही काळ पाद्री, नंतर मेक्सिकोत राहून शाळा, दवाखाने, वाहतूक अशा सगळ्यावर तिरकस लिहिणारा. १९७४ मध्ये त्याचं 'एनर्जी अँड इक्विटी' हे छोटं पुस्तक इंग्रजीत आलं. त्यात त्याचं म्हणणं असं की वेगाची एक मर्यादा ओलांडली की वेळ वाचत नाही, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. एकाचा वेळ वाचवण्यासाठी दुसऱ्याला थांबावं लागतं, वळसा घ्यावा लागतो, रस्ता सोडून द्यावा लागतो. ही मर्यादा त्यानं सांगितली ताशी १५ मैलांच्या आसपास. किलोमीटरमध्ये चोवीसच्या जरा वर. नियम बनवणाऱ्यांनी इलिच वाचून २५ चा आकडा टाकला असेल असं मला वाटत नाही, पण दोन वेगळ्या वाटांनी माणसं एकाच ठिकाणी पोहोचलेली बघून गंमत वाटते. त्यानं आणखी एक हिशेब केला होता. अमेरिकन माणूस गाडीत बसण्यात, गाडीसाठी पैसे कमावण्यात, पार्किंग शोधण्यात वर्षाला १,६०० तास घालवतो आणि ७,५०० मैल जातो. भागाकार केला तर ताशी साडेसात किलोमीटर. झपझप चालणारा माणूस फार मागे राहत नाही.

इलिच वाचताना कधी कधी राग येतो. हे सगळं सांगणाऱ्याला रोज तेरा किलोमीटरवरच्या शिफ्टला सातच्या ठोक्याला हजर राहायचं नव्हतं. पण सावकाश जाणारा रस्त्यावरून हळूहळू नाहीसाच होतो, हे त्याचं निरीक्षण आपल्या कुठल्याही शहरात खिडकीतून बघता येतं. पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. त्या सायकली कोणी बंदी घालून काढल्या नाहीत. बाकीच्यांचा वेग वाढला, आणि त्या आपोआप कडेला, मग जिन्याखाली, मग भंगारात गेल्या.

मोटर लावली म्हणजे कष्ट टाळले, ही फसवणूक नाही का, असंही काही जण विचारतात. शर्यतीत ती नक्कीच आहे. २०१६ मध्ये बेल्जियममध्ये सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत एका तरुण खेळाडूच्या सायकलीच्या नळीत लपवलेली मोटर सापडली आणि तिला सहा वर्षांची बंदी झाली. पण कामावर जाणारा माणूस शर्यतीत नसतो. गुडघे दुखणाऱ्या काकूंनी मोटरच्या मदतीनं बाजार गाठला तर त्यांनी कोणाला फसवलं? १९२४ मध्ये जी. रामचंद्रन या विद्यार्थ्यानं गांधीजींना विचारलं होतं की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का. त्यांनी यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला विरोध असल्याचं सांगितलं आणि अपवाद म्हणून नाव घेतलं ते सिंगरच्या शिलाई मशीनचं. बायकोची शिवणकामाची दगदग बघवेना म्हणून सिंगरनं ते बनवलं, त्यामागे प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. सिंगरच्या चरित्राबद्दल अभ्यासकांची मतं काहीही असोत, कसोटी मला पटते. यंत्र कोणाची दगदग कमी करतंय, आणि त्यासाठी कोणाची वाढवतंय? २५ ला बांधलेली मोटर काकूंची दगदग कमी करते. तीच मोटर चाळीसनं सुटली की बाजारातल्या प्रत्येक चालणाऱ्याला दचकून बाजूला व्हायला लावते.

आता बॅटरी. वायरीपेक्षा हा विषय मोठा आहे, कारण वायरीचा धोका निदान आपण सायकलवर असतो तेव्हाच असतो. बॅटरीचा धोका आपण झोपलेलो असतानाही असतो.

३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण चाळीस दंडगोल सेल. चार-चारच्या दहा ओळी. पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ व्होल्ट. तिच्यात ३६० वॅट-तास मावतात, अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज. एवढ्यात तीसेक किलोमीटर जाता येतं, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे. नवी बॅटरी हा किटचा सगळ्यात महाग भाग, त्यामुळे हुशार पोरं जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून सेल काढतात, मीटरनं तपासतात, चांगले निवडून जोडतात. काम सुबक असतं. पण प्रत्येक सेलचं वय वेगळं, आधीचं आयुष्य वेगळं. चार्ज होताना एखादा सेल ४.२ व्होल्टच्या वर गेला, किंवा आत कुठे शॉर्ट झाला, तर तो तापतो, शेजारच्याला तापवतो, आणि एकदा ही साखळी सुरू झाली की थांबवणं फार कठीण. विषारी धूर निघतो. विझली असं वाटलेली बॅटरी तासाभरानं पुन्हा पेटू शकते. बीएमएसचं सर्किट यातलं पुष्कळ टाळतं, पण सगळं नाही. कंपनीच्या बॅटऱ्याही पेटतात, हे खरंच आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात एका कंपनीची इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्याकडेला उभी असताना पेटली होती. पण तिथे जाब विचारायला दार होतं. त्या वर्षातल्या अशा घटनांनंतर केंद्रानं बॅटरीचे नियम कडक केले.

न्यूयॉर्कमध्ये हे सगळं मोठ्या प्रमाणावर घडलं. अग्निशमन दलाच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये तिथे लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसं मेली. त्याच वर्षी शहरानं दोन कायदे केले. प्रमाणित नसलेल्या इलेक्ट्रिक सायकली आणि बॅटऱ्या विकायला बंदी, आणि जुन्या बॅटरीतून काढलेले सेल वापरून नवी बॅटरी बनवायला आणि विकायला बंदी. यातल्या पुष्कळ सायकली घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्यांच्या होत्या. बहुतेक जण बाहेरच्या देशांतून आलेले, दाटीवाटीनं राहणारे. दिवसभर चालवायला दोन बॅटऱ्या लागतात, दुसरी स्वस्तातली घेतात. चार्ज करायला जागा एकच, घराच्या दाराजवळची. आग लागली की बाहेर पडायचा रस्ता तोच.

आपल्या इमारतीतही सायकल कुठे चार्ज होते बघा. जिन्याखाली, मीटरच्या शेजारी. वर चार मजले माणसं झोपलेली. त्यांच्यापैकी कोणीही तुमची बॅटरी पाहिलेली नाही, तुमचं सोल्डरिंग किती चांगलं आहे हे त्यांना माहीत नाही, आणि रात्रभर चार्जिंग चालू आहे याला त्यांनी हो म्हटलेलं नाही. माझ्या मते इथे उत्तर स्पष्ट आहे. जुन्या सेलची बॅटरी बनवायला शिका, जरूर शिका, पण ती लोकांच्या जिन्याखाली चार्ज करू नका. हे मी मावसभावाला सांगितलं तेव्हा तो वाद न घालता ऐकून घेत होता, याचं मला आश्चर्य वाटलं. नंतर कळलं की त्यानं सोसायटीच्या अध्यक्षांना आधीच विचारलं होतं आणि त्यांनी गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या मोकळ्या जागेत, दिवसा चार्ज करायची परवानगी दिली होती. वर एक अट घातली: "मी स्वतः येऊन बघणार." म्हणजे त्याला एक तपासणारा मिळाला होता. बँकेतून निवृत्त झालेला, व्होल्ट आणि अँपिअरमधला फरक न कळणारा, पण खरा दुसरा माणूस.

वायरीकडे परत येतो, कारण एका माणसाबद्दल मी अजून बोललो नाही. दहा मिनिटांत किराणा पोहोचवणारा मुलगा. त्याच्याकडे पेट्रोलची गाडी नाही, लायसन्स नाही, जुन्या सायकलला मोटर लावून तो कामाला लागला. त्याच्या हातातल्या ॲपला वेळ कळतो, चढ कळत नाही. दिवसाला चार ऑर्डर जास्त म्हणजे घरभाड्याला हातभार. त्यानं वायर काढली. त्याला मी काय सांगू? कांट सांगू?

जे वर लिहिलंय ते त्यालाही लागू होतं, यात मला शंका नाही. त्याच्या सायकलीखाली आलेल्या आजीचं हाड त्याची गरिबी बघून कमी मोडत नाही. पण दोष वाटायला बसलो तर त्याच्या वाट्याला सगळा येणार नाही. वेग त्याला स्वतःला नको आहे. तो तुम्हाला-मला हवाय, कोथिंबीर विसरली म्हणून. मावसभावानं वायर काढली असती तर वाऱ्यासाठी. या मुलानं काढली ती आपल्या घाईसाठी. न्यूयॉर्कनं बॅटऱ्यांवर बंदी घातली त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे ॲपवर जेवण पोहोचवणाऱ्यांना तासाला किमान १७.९६ डॉलर द्यायचा नियमही लागू झाला. हे दोन नियम वेगवेगळ्या खात्यांचे असतील, पण मला ते एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात. ऑर्डरच्या संख्येवर नाही तर तासावर पैसे मिळाले, की ती पांढरी वायर जोडलेली ठेवणं परवडतं. ज्याच्याकडे रविवारची दुपार मोकळी आहे आणि ज्याला वेग हौसेपोटी हवाय, त्याच्याकडून मात्र मी जास्त अपेक्षा करतो.

शेवटी या सायकली विकल्या जातात. कॉलेज संपतं, नोकरी दुसऱ्या गावी लागते, गाडी येते. मग फोनवर फोटो काढून जाहिरात टाकली जाते. अशा जाहिराती चाळताना दोन ओळी एकाखाली एक दिसतात: 'टॉप स्पीड ४०' आणि 'लायसन्स लागत नाही'. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. बनवणाऱ्यानं कधीतरी एकट्यानं घेतलेला निर्णय अशा वेळी वस्तूसोबत दुसऱ्याच्या घरी जातो. नववीतल्या मुलीला क्लासला जायला सायकल हवी म्हणून एक बाप बघायला येतो. टायर दाबून बघतो, ब्रेक ओढून बघतो, एका चार्जिंगमध्ये किती जाते ते विचारतो, हजार रुपये कमी करून मागतो. वायरीबद्दल तो विचारत नाही. तशी काही वायर असते हेच त्याला माहीत नसतं.